हाकारी

दीक्षा मोहोडचं काम हद्दी मोजण्याचं. अमरावतीच्या भूमी अभिलेख कार्यालयात ती भूकरमापक होती. आठवडाभर कोणाच्या ना कोणाच्या बांधावर यंत्र लावून उभं राहायचं, इकडचा भाऊ म्हणतो खूण इथं, तिकडचा म्हणतो तिथं, दोघांचंही ऐकून घ्यायचं आणि शेवटी यंत्र म्हणेल तेच लिहायचं. भूतखेत, नजर, उतारा यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिच्या घरात तो कोणाचाच नव्हता. जे मोजता येतं ते आहे, बाकीच्याबद्दल उगाच बोलू नये, असा तिचा साधा हिशेब.

पण रविवारी दुपार कलली की हीच दीक्षा अमरावतीतल्याच नवसारी भागातल्या घरी आपल्या खोलीचं दार लोटून घ्यायची, कानांवर हेडफोन चढवायची आणि कुठल्याच सातबाऱ्यावर नसलेल्या मुलखात शिरायची.

खेळ तसा सोपा. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो: तुम्ही खिंडीत उभे आहात, समोर धुकं आहे, मागून घोड्यांच्या टापा ऐकू येताहेत, आता काय करता? बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. केलेली गोष्ट जमली की फसली ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. एकेकाळी दीक्षा आणि तिचे दोन दोस्त कॉलेजच्या कँटीनमध्ये टेबलाभोवती बसून खेळायचे. आता तिघं तीन गावांत पांगले, म्हणून नकाशा, फासा, पात्रांची चित्रं सगळं लॅपटॉपच्या पडद्यावर आलं आणि आवाज तेवढे खरे राहिले.

सूत्रधार अनुप, अकोल्याचा. जठारपेठेत राहायचा, एका शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवायचा. त्याचा आवाज असा की त्यानं नुसतं ‘दार करकरलं’ म्हटलं तरी माणूस मान वळवून पाही. तिसरा शिवम, परतवाड्याचा. बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि खेळात तो नेहमी चोर व्हायचा.

मार्चमध्ये नवी मोहीम सुरू व्हायची होती. अनुपनं जाहीर केलं की या वेळी परदेशी किल्ले नकोत, ड्रॅगन नकोत. आपला घाट, आपलं धुकं, आपली माणसं. हे ऐकल्यापासून दीक्षाच्या अंगात जणू वारं भरलं. पात्र घडवणं हा तिला प्रत्यक्ष खेळापेक्षाही आवडता भाग. तो माणूस चालतो कसा, कशाला भितो, झोपेत काय बडबडतो, हे ठरवत बसण्यात तिला जेवणाची शुद्ध राहत नसे. चांदूर बाजारकडे एका शेताची मोजणी चालली होती. तिथं बाभळीखाली डबा उघडा ठेवून तिनं फोनवर मनकर्णा लिहून काढली. घाटातली वाटाडी. वय पन्नाशीचं, अंगानं भारी, चढ लागला की शिव्या देणारी. रस्ता एकदा पाहिला की जन्मभर विसरत नाही, माणसाचा चेहरा मात्र सकाळचा दुपारी विसरते.

“पन्नास वर्षांची बाई?” अनुप फोनवर हसला. “लोक तलवारवाले पोट्टे बनवतात, अन् तू शिव्या देणारी बुढी बनवून राहिली.”

“घाटातल्या वाटा तिलेच माहीत राहतीन ना. तुह्या पोट्ट्यांले काय माहीत?”

“बरं बाप्पा. पण वस्तू पाहिजे. या टायमाले प्रत्येकानं आपली एक वस्तू स्वतः बनवायची. तिच्यात एक गुण पाहिजे अन् एक खोट. नुसता गुण असला त मी चालू देणार नाई.”

शनिवारी सकाळी ती टॅब्लेट घेऊन बसली. कूलर अजून माळ्यावरून उतरवला नव्हता, खिडकीतून ऊन थेट पलंगावर पडलं होतं. वस्तू काय असावी याचा तिनं विचारच केला नव्हता. तरी हात चालू लागला. म्हशीच्या शिंगासारखी वळलेली नळी, तोंडाशी तांब्याची कड, त्या कडेवर दाताच्या खुणा, जणू फुंकणाऱ्यानं ती अनेकदा घट्ट धरली होती. मधोमध चामड्याची पट्टी. शिंगाच्या आतल्या बाजूला पिवळसर रंग भरताना तिला मनातून वाटलं की हा रंग असाच आहे, आपण तो ठरवत नाही आहोत. चित्र कधी नव्हे इतकं पटकन झालं. खाली तिनं नाव लिहिलं: हाकारी.

आई, संध्याबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. चहा घेऊन आल्या आणि मागून डोकावल्या.

“हे काय व?”

“यातून हाक मारली का माणूस कुठं बी असो, येते.”

“मंग फोन काय वाईट आहे?” असं म्हणून त्या कप ठेवून गेल्या.

खोटेसाठी अनुपशी बराच वेळ घासाघीस चालली. हाक मारली की हवा तो माणूस हजर, हे फारच झालं, असं अनुपचं म्हणणं. राजाला बोलवा, सेनापतीला बोलवा, खेळ दोन मिनिटांत संपेल. मग दीक्षानं मोजणीच्या कागदावर लिहिते तसं नेमकं वाक्य लिहिलं: ‘हाकारीतून ज्याचं नाव घ्याल, त्या नावाला जो ओ देईल तो येईल.’

“म्हणजे?” अनुपनं विचारलं.

“फासा चांगला पडला त थोच माणूस येईन. वाईट पडला त त्या नावाले दुसराच कोणी ओ देईन, अन् थो येईन. आपल्याले समजणार नाई.”

पलीकडे अनुपनं ते वाक्य मोठ्यानं वाचलं. मग म्हणाला, “दीक्षा, हे लय भारी आहे. माह्या अंगावर काटा आला पाह्य.” तिच्याही आला होता. दोघंही खूष होते.

पहिला डाव रंगला. दुसरा त्याहून. मनकर्णा अशा काही शिव्या घालायची की शिवम हसून हसून माइक बंद करायचा. हाकारी मात्र अजून कोणी वापरली नव्हती. दीक्षा तिला जपून ठेवत होती, सणाचं लुगडं जपावं तशी.

तिसऱ्या रविवारी ते नदीच्या अलीकडे अडकले. पाण्याला ओढ होती, मागून लुटारू येत होते, आणि मनकर्णा घायाळ होऊन पडली होती. होडी घेऊन पलीकडे गेलेल्या नावाड्याला परत बोलावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. फुंकायला आता शिवमचा चोरच काय तो उभा होता. दीक्षानं पडद्यावर हाकारी उचलून त्याच्या झोळीत टाकली.

“चाल शिवम,” अनुप आवाज खाली आणत म्हणाला. “तू शिंग तोंडाले लावलं. तांब्याची कड थंडगार आहे. कोणाच्या नावानं हाक मारतो?”

नावाड्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं. शिवमनं माइक जवळ ओढल्याची खरखर झाली. त्याच्या दुकानातल्या पंख्याची घरघर तेवढी येत राहिली.

मग त्यानं हाक मारली. चोराच्या नकली आवाजात नव्हे, स्वतःच्या.

“जीवनऽऽ”

 जीवन हा शिवमचा थोरला भाऊ. परतवाडा ते चिखलदरा जीप चालवायचा. काही वर्षांपूर्वी एका सकाळी त्याची जीप बसस्टँडवर उभी सापडली, किल्ली लावलेली, पुढच्या सीटवर त्याचा रुमाल. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, प्रेमप्रकरण नव्हतं. पोलिसांत तक्रार झाली, पोस्टर लागली, दऱ्याखोऱ्यांत शोध घेऊन झाला. जीवनचा पत्ता लागला नाही. त्याची आई सत्यभामाबाई अजून रोज त्याच्या वाट्याची भाकर टाकायच्या.

अनुपला काय करावं सुचेना. सवयीनं त्याचं बोट फाशावर पडलं. पडद्यावर फासा गरगरला आणि थांबला. एक. याहून वाईट दान नाही.

आणि हेडफोनमध्ये कोणीतरी म्हणालं, “ओ.”

अगदी सहज. शेजारच्या खोलीतून द्यावी तशी.

“काय बे अनुप,” शिवम म्हणाला. “मस्करी नको करू याच्यात.”

“म्या नाई म्हणलं. मले वाटलं तू.”

“दीक्षा?”

“मी नाई.”

त्या दिवशी डाव तिथंच थांबला. लाइनवर कुठलाही आवाज येऊ शकतो, शिवमच्या दुकानासमोरून शंभर माणसं जातात, असं दीक्षानं स्वतःला सांगितलं, आणि ते तिला पटलंही.

दुसऱ्या दिवशी ती शिरजगावकडच्या एका शेतात होती. फोन वाजला. पलीकडे शिवम होता.

“दादा आला,” तो म्हणाला.

“कोण दादा?”

“जीवनदादा आला, दीक्षा. सकाळी दारात उभा होता. आई सडा टाकाले बाहेर गेली, त उभा. आईनं म्हणलं, जीवन? त ओ म्हणे. अन् आत आला.”

दीक्षानं यंत्र बंद केलं. डोळ्यांत पाणी आलं, हसूही आलं. योगायोग आहे, ती मनात म्हणाली. हरवलेली माणसं परत येतात, पेपरात येतं तसं. पण त्याच मनाच्या खाली कुठंतरी एक उकळी फुटत होती. ती वस्तू आपण बनवली. तांब्याची कड आपण काढली. तिच्या आयुष्यात आजवर तिनं हातांनी केलेल्या कशानंही असा कोणाच्या घरी दिवा लागला नव्हता.

अनुपला तर आवरणं मुश्किल झालं. तासाला त्याचा एक निरोप. “हाकारीनं आणला त्याले. मी सांगतो, हाकारीनंच.” मग, “तू हसशीन, पण मी काल झोपलोच नाई.” मग, “अजून एक वस्तू बनव ना, यार.”

रविवारी सत्यभामाबाईंनी पुरणाचं जेवण ठेवलं आणि शिवमच्या दोस्तांना बोलावलं. अनुपला वर्ग होता, तो म्हणाला, मी दुपारच्या डावाला लाइनवर भेटीन. दीक्षा सकाळच्या गाडीनं परतवाड्याला गेली. आसेगावच्या पुढे रस्त्याकडेला पळस पेटलेला होता. आईला तिनं सांगितलं होतं, संध्याकाळच्या आत येते.

घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढं पटांगण, पटांगणात एका बाजूला जीवनची जुनी जीप, इतकी वर्षं तशीच झाकून ठेवलेली. आज तिच्यावरचं प्लास्टिक काढून ती धुतली होती. ओसरीवर शिवमचे वडील वामनराव संत्र्यांच्या ढिगापुढं बसले होते. त्यांचा फळांचा धंदा. मोठी एकीकडे, बारीक दुसरीकडे, डागी तिसरीकडे, असे हात चालले होते. घरभर वेलदोड्याचा वास. सत्यभामाबाईंनी दीक्षाला पाहताच तिचे दोन्ही हात धरले.

“शिवमनं सांगतलं मले. तुमच्या खेळात हाक मारली म्हणे त्यानं. मले काई समजत नाई बाई त्याच्यातलं. पण तुह्या हाताले यश आहे.”

त्यांचा चेहरा उजळला होता.

“कुठं आहे जीवनदादा?”

“थो काय. जीपपाशी.”

जीवन उन्हात उभा होता. पोस्टरवरच्या फोटोत होता तसाच. तोच उंचपुरा बांधा, तीच कपाळावर आलेली बट. तसाच म्हणजे अगदी तसाच. तो जीपकडे पाहत नव्हता, रस्त्याकडेही नव्हता. नुसता उभा होता. ऊन डोक्यावर होतं आणि त्याचा शर्ट कोरडा ठणठणीत होता.

“सावलीत ये म्हणा ना त्याले,” दीक्षा म्हणाली.

“हाक मारल्याशिवाय येतच नाई बाप्पा थो,” सत्यभामाबाई हसत म्हणाल्या. “जेवाले हाक मारा, त येते. झोपाले मारा, त जाते. लहानपणी दहा हाकांनी यायचा नाई, आता पाह्य. जीवन!”

“ओ.”

तो वळला, सरळ चालत आला आणि ओसरीच्या पायरीशी येऊन थांबला. सत्यभामाबाईंनी त्याच्या हातात पाण्याचा गिलास दिला. तो त्यानं धरून ठेवला.

“कुठं होता दादा तुमी इतके दिवस?” दीक्षानं विचारलं. तिला साधं बोलायचं होतं.

“इकडेच होतो,” तो म्हणाला. आवाज चांगला होता, मऊ. आणि तिनं तो हेडफोनमध्ये ऐकलेला होता.

सत्यभामाबाई पुरणपोळ्या पाहायला आत गेल्या. शिवम दुकान बंद करून यायचा होता. जीवन पुन्हा पटांगणात गेला. दीक्षा वामनरावांजवळ बसली आणि नुसतं बसायचं कसं म्हणून संत्री निवडू लागली. 

“काका, तुमाले आनंद झाला नाई का?”

वामनरावांनी हातातलं संत्रं फिरवून पाहिलं. “झाला ना.”

“मंग तुमी त्याच्याशी बोलून नाई राहिले.”

“मी अजून त्याले हाक नाई मारली.”

“काहून?”

त्यांनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. आवाज उतरवला.

“माहा जीवन मले कधी ‘ओ’ नाई म्हणे. लहानपणापासून. मायले ‘ओ’ म्हणे, जगाले ‘ओ’ म्हणे. मी हाक मारली का म्हणे, ‘आलो बाबा’. ओ नाई, नुसतं आलो बाबा. माह्या अन् त्याच्यातलंच होतं थे.” ते थांबले. “आता मी हाक मारली, अन् ओ आली, त?”

दीक्षानं पुढचं संत्रं उचललं.

“म्हणून नाई मारत,” ते म्हणाले. “तिचा पोरगा आला. राहू दे.” आणि त्यांनी ते संत्रं डागींच्या ढिगात टाकलं, जरी त्यावर डाग नव्हता.

गल्लीत रविवारची वर्दळ होती. केळीवाल्याची गाडी फाटकासमोरून गेली. पलीकडच्या घरातून एका बाईनं गच्चीवरच्या कोणाला तरी हाक मारली.

“शालिकराम, पाण्याची मोटर बंद कर.”

“ओ,” जीवन म्हणाला.

हळूच. ओठांतल्या ओठांत. दीक्षाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

रस्त्यावरून एका माणसानं पुढं गेलेल्या बाईला थांबवलं. “गंगूबाई, ओ गंगूबाई.”

“ओ.”

या वेळी तिनं त्याचे ओठ हलताना पाहिले.

दूर बाजाराकडून कोणीतरी कोणाला तरी बोलावत होतं, नाव नीट कळतही नव्हतं. जीवननं मान किंचित तिरपी केली.

“ओ.”

संत्र्याची साल दीक्षाच्या नखाखाली फाटली. तिनं वामनरावांकडे पाहिलं. ते खाली मान घालून निवडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, आणि त्यावरून तिला कळलं की हे ते रोजच ऐकत आहेत.

जीवन तिच्याकडे पाहत होता.

“तुमचं नाव काय?” त्यानं विचारलं.

साधा प्रश्न. पाहुण्याला कोणीही विचारतं. दीक्षाच्या जिभेवर नाव आलं आणि तिनं ते गिळलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. ती फक्त हसली.

फाटक वाजलं. शिवम दोन्ही हातांत श्रीखंडाचे डबे घेऊन आत आला, घामेजलेला, खूष.

“दीक्षा! कवा आली?”

तिनं तोंड उघडायच्या आत पटांगणातून उत्तर आलं.

“ओ.”

शिवम मोठ्यांदा हसला. “पाहिलं का? दादा मस्करी कराले लागला आता.” आणि भावाच्या पाठीवर थाप मारून आत गेला.

दीक्षा जेवली. चार घास कसे गेले ते तिचं तिला ठाऊक. सत्यभामाबाई पंक्तीत वाढत होत्या आणि दर घासाला जीवन, अजून घे, जीवन, तूप वाढू का, असं चाललं होतं. ओ, ओ. इतका आनंद एका घरात तिनं फार दिवसांनी पाहिला होता, आणि तो आपण मोडायचा का, कोणत्या तोंडानं मोडायचा, हे तिला कळेना. निघताना तिनं शिवमला फाटकाशी गाठलं.

“आज डाव नको. अन् थे हाकारी आता खेळातून काढून टाकू.”

“येडी झाली का? दादाले दाखवायचं आहे मले आज. मी सांगतलं त्याले खेळाबद्दल, लय ऐकून राहिला होता.” शिवमचे डोळे चमकत होते. “तू नसली तरी चालते. मनकर्णा तशीबी घायाळच आहे.”

“शिवम, ऐक.”

“अगं, माहा भाऊ आला,” तो म्हणाला. एवढंच. आणि ती स्टँडच्या वाटेला लागली.

स्टँडवर पोचेपर्यंत तिनं फोनवरच खेळाचं पान उघडलं आणि हाकारी पुसायला गेली. पण वस्तू आता शिवमच्या झोळीत होती; दुसऱ्याची वस्तू पुसायचा हक्क फक्त सूत्रधाराला. तिनं अनुपला लिहिलं, हाकारी काढून टाक, मी नंतर सांगते. अमरावतीची गाडी लागली. गर्दी इतकी की ती दाराशी एका पायावर उभी राहिली, फोन पर्समध्ये, पर्स पोटाशी. आसेगाव गेलं. वलगाव गेलं. वारं तोंडावर आलं तसतसं तिचं डोकं शांत होत गेलं. वर्षानुवर्षं कुठं कुठं वणवणलेला माणूस. मनावर परिणाम झालेला असणार. डॉक्टरला दाखवायला हवं. शिवमला उद्या नीट समजावू. वलगावपासून नवसारीपर्यंत तिनं सगळं असं ओळीनं मांडून टाकलं, आणि नाक्यावर उतरली तेव्हा तिला जरा लाजच वाटत होती.

ऊन उतरलं होतं. तिनं फोन काढला. अनुपचा आवाजी निरोप होता. चालता चालता तिनं तो कानाला लावला.

“दीक्षा, काय खेळली यार तू आज! तुहा निरोप मी आत्ता पाह्यला, पण हाकारी कायले काढायची? आज त तिनंच मजा आणली. मी म्हणलं तू गाडीत असशीन. शिवमचा दादा बाजूले बसला होता, थो म्हणे मी मारू का हाक. मी म्हणलं मारा. त्यानं मनकर्णाले नाई, तुलेच हाक मारली, तुह्या नावानं. फासा पुन्हा एकावर पडला, आमी हसून राहिलो, अन् तेवढ्यात तू ‘ओ’ म्हणून हजर. इतक्या लवकर घरी कशी पोचली तू? कॅमेरा बंद होता, पण आवाज एकदम साफ. अन् खरं सांगू, इतकी चांगली तू कधीच खेळली नाई. आमी सगळे नुसते ऐकत राहिलो. चाल, ठेवतो. पुढच्या रविवारी—”

दीक्षा रस्त्यात थांबली. तिनं निरोप पुन्हा लावला. अनुपच्या आवाजात मस्करी नव्हती. तिला त्याची मस्करी ओळखता येत होती. इतक्या वर्षांची दोस्ती होती.

तिनं आईला फोन लावला. वाजला, वाजत राहिला.

ती भराभर चालू लागली. गल्ली नेहमीचीच. शेजारच्या अंगणात पापड वाळत होते. कोणीतरी गाडी धूत होतं आणि साबणाचं पाणी रस्त्यावर आलं होतं. घराच्या पडवीत आईच्या चपला होत्या, जागच्या जागी. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला आणि दीक्षाला हायसं वाटलं.

तिच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. सकाळी तिनं तो उघडा ठेवला होता, की नव्हता, तिला आठवेना.

तिनं फाटक लोटलं. कडी वाजली.

“दीक्षा,” स्वयंपाकघरातून आईची हाक आली, “फाटक वाजलं. कोण आलं पाह्य बरं.”

दीक्षानं तोंड उघडलं.

“ओ,” तिच्या खोलीतून तिचा आवाज म्हणाला. “आली, आई.”

आणि फरशीवरून अनवाणी पावलं दाराकडे येऊ लागली.